जागा भरायची की माणूस निवडायचा?

रायपूरहून पुन्हा एकदा तुमच्यासमोर आलो आहे. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि सेनापती यांच्याबद्दल बोलतो. आज विषय बास्केटबॉलचा आहे म्हटल्यावर काही जणांच्या भुवया वर जातील. पण प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. समोर चार उमेदवार उभे आहेत, घेता एकच येणार आहे. कोणाला घ्यायचे, आणि कशावरून? पलटणीसाठी माणूस निवडणाऱ्याला हा प्रश्न पडतो आणि शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या पीटीच्या सरांनाही पडतो. या प्रश्नाचा सगळ्यात स्वच्छ, तारीखवार इतिहास मला अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये सापडला, म्हणून तिथून सुरुवात करतो.

अमेरिकेत एनबीए नावाची व्यावसायिक बास्केटबॉलची स्पर्धा आहे. तिथे नवे खेळाडू घेण्याच्या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. आपल्या आयपीएलमध्ये बोली लागते, तिथे पाळी लागते. ज्याची पाळी, त्याने उपलब्ध तरुणांपैकी एकाचे नाव घ्यायचे आणि पुढच्या पाळीची वाट बघायची. मागच्या मोसमात जो संघ तळाला, त्याची पाळी आधी. दुबळ्याला चांगला खेळाडू मिळावा आणि स्पर्धा एकतर्फी होऊ नये, हा हेतू. ही पद्धत १९४७ पासून आहे. १९८४ पर्यंत पहिल्या पाळीसाठी दोन विभागांतल्या तळाच्या दोन संघांच्या नावाने नाणे उडवत. पहिली पाळी मिळावी म्हणून काही संघ मुद्दाम हरतात, असा संशय वाढला, तेव्हा १९८५ पासून नाण्याऐवजी लॉटरी आली.

आता १९ जून १९८४ या दिवसाकडे या. नाणेफेक ह्यूस्टनने जिंकली होती. दुसरी पाळी पोर्टलंडची. पोर्टलंड तेव्हा तळाचा संघ नव्हता, चांगला खेळणारा होता. पण तीन वर्षांपूर्वीच्या एका अदलाबदलीत त्याने इंडियानाची पुढची पाळी मागून ठेवली होती आणि इंडियाना तळाला गेल्यामुळे ती पाळी सोन्याची ठरली. तिसरी पाळी शिकागोची होती.

ह्यूस्टनने हकीम ओलाजुवानचे नाव घेतले. नायजेरियातल्या लागोसचा हा मुलगा लहानपणी हँडबॉल आणि फुटबॉल खेळत असे. बास्केटबॉल त्याच्या हातात आला तोच पंधराच्या आसपास. त्याने पुढे १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन विजेतेपदे ह्यूस्टनला मिळवून दिली. त्यामुळे ह्यूस्टनच्या निवडीला आजवर कोणी नावे ठेवलेली नाहीत.

पोर्टलंडने केंटकी विद्यापीठाच्या सॅम बोवीचे नाव घेतले. उंची ७ फूट १ इंच. आणि शिकागोला तिसऱ्या पाळीत जो उरला तो मिळाला. उंची ६ फूट ६ इंच, उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचा, नाव मायकेल जॉर्डन.

पुढे काय झाले ते बास्केटबॉल न पाहणाऱ्यांनाही ठाऊक आहे. जॉर्डनने शिकागोला सहा विजेतेपदे मिळवून दिली. बोवी पहिल्या मोसमात ७६ सामने खेळला, नवोदितांच्या सर्वोत्तम संघातही आला. नंतर पायाची हाडे मोडत गेली, आधी डाव्या पायाचे, मग उजव्या. पुढच्या चार मोसमांत मिळून तो फक्त ६३ सामने खेळला. क्रीडा इतिहासातली सगळ्यात मोठी चूक म्हणून या निवडीचे नाव घेतले जाते आणि पोर्टलंडच्या लोकांना मूर्ख ठरवून गोष्ट संपते.

मला ती तिथे संपवायची नाही. सैन्यात निर्णयाआधी परिस्थितीचे आकलन लिहून काढायची शिस्त असते. उद्देश काय, आपल्याकडे काय आहे, काय नाही, पर्याय कोणते, प्रत्येकाचे फायदे-तोटे काय. पोर्टलंडच्या टेबलावर बसून आपण तसे लिहून पाहू.

पहिली गोष्ट, जॉर्डनच्या जागेवर खेळणारे त्यांच्याकडे होते. आदल्याच वर्षी त्यांनी क्लाइड ड्रेक्सलरला घेतले होते आणि जिम पॅक्सन तर दोन वर्षे ऑल-स्टार सामन्यात खेळलेला. रिकामी जागा होती ती सेंटरची, म्हणजे बास्केटखाली पहाडासारखा उभा राहणाऱ्या उंच माणसाची. दुसरी गोष्ट, त्या काळचा अनुभव असा होता की विजेतेपद सेंटर जिंकून देतो. बोस्टनच्या बिल रसेलने ११ वेळा ते करून दाखवले होते. खुद्द पोर्टलंडला १९७७ मध्ये जे एकमेव विजेतेपद मिळाले, तेही बिल वॉल्टन या सेंटरच्या जोरावर. तिसरी गोष्ट, धोका त्यांना ठाऊक होता. बोवी पायाच्या दुखण्याने महाविद्यालयातली दोन पूर्ण वर्षे बाहेर बसला होता. म्हणून त्याची कसून वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी पायावर ठोकून विचारले, दुखते का? तो नाही म्हणाला. प्रत्यक्षात दुखत होते, हे त्याने स्वतः २०१२ च्या एका माहितीपटात सांगितले.

बोवीला मी दोष देत नाही. आयुष्यभराची भाकरी ज्या एका उत्तरावर ठरणार, ते उत्तर देताना बाविशी-तेविशीतला कोणता मुलगा खरे बोलेल? भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

थोडक्यात, पोर्टलंडची माणसे आळशी नव्हती, बेफिकीर नव्हती. त्यांचा हिशेब बरोबर होता, पण प्रश्न चुकला होता. ‘आपली कोणती जागा रिकामी आहे?’ असा प्रश्न त्यांनी विचारला. ‘या मुलांपैकी सगळ्यात चांगला कोण?’ हा प्रश्न मागे पडला. रिकामी जागा आजची असते. निवडलेला मुलगा पुढची दहा-बारा वर्षे राहणार असतो. तोवर संघ बदलतो, प्रशिक्षक बदलतो, खेळाची रीत बदलते. आजच्या भोकाच्या मापाचे ठिगळ शोधायला गेलात, तर ठाण हातचे जाते.

हे अमेरिकेचे झाले. आपल्याकडेही नेमके असेच घडले आहे आणि त्याचा एक अंक आमच्या रायपुरात झाला. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाले तेव्हा मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांसाठी बोली न लावता ड्राफ्टच ठेवला होता. दिल्लीच्या संघाला विराट कोहली घेता आला असता. दिल्लीचाच मुलगा, विश्वविजेत्या संघाचा कर्णधार. पण दिल्लीकडे सेहवाग होता, गंभीर होता, फलंदाज भरपूर. गोलंदाज हवा होता. त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला आणि कोहली बंगळुरूला गेला.

पुढे आमच्या नवा रायपूरचे शहीद वीर नारायण सिंह मैदान काही वर्षे दिल्लीच्या संघाचे दुसरे घर झाले. २२ मे २०१६ ला तिथे दिल्ली विरुद्ध बंगळुरू सामना होता. दिल्ली १३८ धावांवर थांबली. कोहली ५४ धावा करून नाबाद राहिला, बंगळुरू पुढच्या फेरीत आणि दिल्ली स्पर्धेबाहेर. त्या मोसमात त्याने ९७३ धावा केल्या. सांगवान वाईट गोलंदाज होता असे मुळीच नाही. बोवीही वाईट खेळाडू नव्हता. दोघांनाही दुसऱ्याच्या मोठेपणाच्या मापाने मोजले गेले, हे त्यांचे दुर्दैव.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, निकाल लागल्यावर सगळेच शहाणे होतात. बरोबर आहे. म्हणून पोर्टलंडचाच दुसरा प्रसंग सांगतो, जो माझ्या म्हणण्याच्या थोडा उलट जातो. २००७ साली पोर्टलंडला लॉटरीत पहिली पाळी मिळाली. समोर दोन नावे होती, ७ फुटी सेंटर ग्रेग ओडन आणि केव्हिन ड्युरांट. पोर्टलंडने ओडनला घेतले. पहिला पूर्ण मोसम तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे खेळलाच नाही, आणि पोर्टलंडसाठी एकूण सामने खेळला ८२, म्हणजे एका मोसमात होतात तेवढे. ड्युरांट २०१४ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लोक म्हणाले, बघा, २३ वर्षांनी तीच चूक!

पण ती तीच चूक नव्हती. १९८४ मध्ये जागा पाहून निवड झाली होती. २००७ मध्ये ओडन हाच पहिला, असे जाणकारांपैकी बहुतेकांचे मत होते, पोर्टलंडच्या जागी दुसरा संघ असता तरी बहुधा तेच नाव घेतले गेले असते. प्रश्न बरोबर विचारूनही उत्तर चुकू शकते. माणसाचे गुडघे, हाडे आणि नशीब कोणाच्याही कागदावर पुरते उतरत नाही. याची दुसरी बाजूही पाहा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये सर्बियाच्या निकोला योकिचचे नाव ४१ व्या पाळीत आले. चाळीस वेळा संघांनी इतर नावे घेतली. तो पुढे तीन वेळा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले.

म्हणजे दोन गोष्टी हाती लागतात. प्रश्न योग्य विचारला पाहिजे, आणि तरीही चुका होणारच हे धरून पुढची व्यवस्था केली पाहिजे. पहिली गोष्ट बऱ्याच जणांना पटते. दुसरी फार थोडे जण करतात.

सैन्याने या दोन्हींचा विचार केलेला आहे. मी निवृत्तीआधी काही काळ सेवा निवड मंडळावर काम केले, म्हणून जवळून सांगू शकतो. दुसऱ्या महायुद्धाआधी अधिकारी निवडले जात ते मुख्यतः मुलाखतीवर. घराणे, शाळा, बोलण्याची ढब पाहून. युद्धात अधिकारी जास्त लागू लागले आणि प्रशिक्षणात नापास होणारेही वाढले, तेव्हा १९४२ मध्ये ब्रिटनने नवी मंडळे नेमली. १९४३ मध्ये ती पद्धत देहरादूनला आली. आजही तिचा गाभा तोच आहे. उमेदवार पाच दिवस राहतो. एक मानसशास्त्रज्ञ, एक मुलाखत घेणारा अधिकारी आणि एक गट-चाचण्या घेणारा अधिकारी असे तिघे त्याला पाहतात. मनसा, वाचा, कर्मणा. शेवटच्या दिवसाच्या बैठकीपर्यंत हे तिघे त्या उमेदवाराबद्दल आपसात बोलत नाहीत, म्हणजे एकाचे मत दुसऱ्याच्या डोळ्यांवर चढत नाही.

मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे देऊन गटाला अडथळा पार करायला सांगतात. नवखा पाहणारा मोठ्याने बोलणाऱ्या मुलाकडे बघतो. अनुभवी माणूस शेवटच्या मुलाला पलीकडे येईपर्यंत फळी धरून कोण थांबले, ते बघतो.

पण या पद्धतीतला माझ्या मते सगळ्यात मोलाचा नियम वेगळाच आहे. मंडळ रिकाम्या जागा मोजून माणसे निवडत नाही. एका तुकडीतले पाच लायक असतील तर पाच, आणि एकही नसेल तर शून्य. जागा किती आहेत तो हिशेब नंतर गुणवत्ता यादीत होतो. पोर्टलंडचा घोटाळा इथे मुळातच टाळलेला आहे. आणि दुसरा नियम, जो नाकारला गेला तो वयात बसत असेल तर पुन्हा येऊ शकतो. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेला निवडले गेलेले कितीतरी जण पुढे उत्तम अधिकारी झाले. मंडळाने आपल्याच अंदाजाला दिलेली ही दुरुस्तीची संधी आहे.

आता पुन्हा जॉर्डनकडे. त्याला पहिल्यांदा डावलले ते १९८४ मध्ये नाही. १९७८ साली विल्मिंग्टन गावच्या लेनी शाळेत तो शिकत होता. शाळेच्या मुख्य संघात त्याच्या वर्गातला लेरॉय स्मिथ घेतला गेला, कारण तो ६ फूट ७ इंच होता. जॉर्डन तेव्हा ५ फूट १० इंचांच्या आसपास. ही गोष्ट प्रेरणादायी भाषणांमध्ये नेहमी येते, जिद्द वगैरे. त्यात एक महत्त्वाचा तपशील गाळला जातो. जॉर्डनला घरी पाठवले नव्हते. त्याला शाळेच्या कनिष्ठ संघात घेतले होते. तिथे त्याला प्रशिक्षक होता, रोजचा सराव होता, वर्षभर सामने होते. दरम्यान त्याची उंचीही वाढली. तो दुसरा संघ नसता तर जिद्दीने काय केले असते, मला शंका आहे.

उंचीचा मोह आपल्याकडेही आहे. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीत शिकला, २०१० मध्ये चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला, आणि २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने ५२ व्या पाळीत त्याचे नाव घेतले. उंची ७ फूट २ इंच. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. देशभर बातम्या झाल्या. पण एनबीएच्या मुख्य मोसमातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. डॅलसच्या दुय्यम संघात काही काळ खेळून तो बाहेर पडला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याने जे मिळवले ते कमी नाही. पण त्याच्या जोडीचे, त्याला रोज घाम फोडणारे आणखी वीस मुलगे चौदाव्या वर्षी देशात असते, तर गोष्ट वेगळी झाली असती का, हा विचार मनात येतोच.

असे वीस जण एकत्र ठेवण्याचे काम आमच्या रायपूरपासून तीसेक किलोमीटरवर एका माणसाने करून दाखवले आहे. भिलाईचे प्रशिक्षक राजेश पटेल. २०१८ मध्ये ते गेले. पोलाद कारखान्याच्या या नगरीत त्यांनी मुलींचा बास्केटबॉल उभा केला. त्यांच्याकडे ड्राफ्ट नव्हता, पहिली पाळी नव्हती. बड्या शहरांकडे वळणारी मुले त्यांच्या वाट्याला येणारही नव्हती. त्यांनी जिल्ह्यांतून, आदिवासी पट्ट्यातून, साध्या घरांतून मुली आणल्या आणि वर्षानुवर्षे एकत्र ठेवल्या. राहणे, जेवण, शाळा, सराव, आणि पुढे रेल्वेत किंवा कारखान्यात नोकरी मिळेपर्यंतचा पाठपुरावा. सीमा सिंग, अंजू लकडा, भारती नेताम या भारताकडून खेळल्या. कानपूरची सात फुटांच्या घरातली पूनम चतुर्वेदीही भिलाईत येऊन घडली. छत्तीसगड राज्य झाले २००० साली. एवढे नवे आणि लहान राज्य, पण मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धांत त्याचे नाव पहिल्या ओळीत येऊ लागले.

पटेलसरही उंची बघत असत, यात शंका नको. बास्केटबॉलमध्ये उंची न बघणे म्हणजे घोडदळात घोडा न बघणे. फरक निवडीनंतरच्या कामात होता. मुलगी पहिल्या वर्षी चमकली नाही म्हणून परतीचे तिकीट हातात पडले असे होत नसे. निवड एका दिवसाची आणि घडवणे दहा वर्षांचे, हे गणित त्यांना पक्के ठाऊक होते. शिकागोलाही ते गणित सुटले नव्हते. जॉर्डन आल्यानंतर पहिली तीन वर्षे त्यांचा संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात हरत होता. १९८७ मध्ये स्कॉटी पिपेन आला, १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले, आणि पहिले विजेतेपद आले १९९१ मध्ये. सात मोसम लागले, आणि तेही जॉर्डन हाताशी असताना.

आता हे सगळे मी तुम्हाला का सांगतो आहे? कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात बारा-चौदा वर्षांचे मूल आहे. मग ते नागपुरात असो, इंदुरात, बेळगावात किंवा इथे रायपुरात. कुठल्यातरी मैदानावर त्याची चाचणी होते, संध्याकाळी फलकावर यादी लागते आणि यादीत नाव नसले की घरी कोणी जेवत नाही. या वयात दोन मुलांच्या वाढीत दोन-दोन वर्षांचे अंतर असू शकते. जो आज उंच आहे तो कदाचित लवकर वाढून थांबलेला असेल. जो आज बुटका आहे त्याची वाढ अजून सुरूच व्हायची असेल. ती यादी त्या दिवसाचे मोजमाप असते, त्या मुलाचे नव्हे.

म्हणून पालकांना सांगतो, यादीत नाव नसले तर ‘आमच्या मुलाला का घेतले नाही?’ म्हणून भांडू नका. ‘दुसरा संघ आहे का? पुन्हा चाचणी कधी आहे?’ हे विचारा. नाव असेल तर विचारा, पुढची तीन वर्षे याच्याकडे बघणार कोण आहे? आणि माझे जे मित्र शाळांमध्ये, क्लबांमध्ये, जिल्हा संघटनांमध्ये निवड करतात त्यांना एका जुन्या फौजीची विनंती. यंदा बारा जणांची यादी लावाल, तेव्हा तिच्या खाली आणखी बारा नावे लिहा आणि त्यांनाही त्याच मैदानावर, आठवड्यातून तीन दिवस का होईना, चेंडू द्या. त्याला स्टेडियम लागत नाही. एक जास्तीचा चेंडू आणि सरांचा एक तास लागतो.

तुमच्या गावात असा दुसरा संघ चालवणारे कोणी सर किंवा बाई असतील, तर त्यांच्याबद्दल मला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण पुन्हा लढाईच्या मैदानावर जाऊ. तोवर नमस्कार. जय हिंद.